तुमचं बोट थांबलं ती ओळ

बाई, गाता गाता तुम्ही मधेच गप्प व्हायचात तेव्हा आम्हाला वाटायचं, ही आमची परीक्षा आहे.

आणि बरेच दिवस ती परीक्षाच होती. चर्चच्या मागच्या हॉलमध्ये, शनिवारी संध्याकाळी, क्वायरच्या म्हणजे गायनगटाच्या सरावाला तुम्ही खालच्या पट्टीतल्या बायकांच्या, आल्टोच्या कडेला खुर्ची टाकून बसायचात. गाण्याचा नवा कागद वाटून झाला की आमच्याबरोबर दोन ओळी म्हणायचात आणि तिसऱ्या ओळीत आपला आवाज काढून घ्यायचात. जे कागद वाचत होते ते पुढं जायचे. जे तुमच्या आवाजाला टेकून उभे होते ते तिथंच कोसळायचे. सुरुवातीला आम्ही सगळेच कोसळायचो. तुम्ही रागवायचा नाहीत. एवढंच म्हणायचात, "मी गेले की तुम्ही किती टिकता ते बघतेय."

तेव्हा हे ऐकून आम्ही हसायचो.

यंदाच्या पावसाळ्यात तुमचं गप्प होणं लांबत गेलं. आधी एक ओळ, मग दोन, मग कधीकधी अर्धं पान. आम्ही खूश होतो. बेसमध्ये, पुरुषांच्या खालच्या आवाजात गाणारे डेव्हिडकाका, ज्यांचं छावणीत मोटर वाइंडिंगचं दुकान आहे, ते म्हणाले, "आंटीला आता आपला भरोसा वाटायलाय." तुम्ही मान हलवलीत आणि रुमाल तोंडाशी धरून खिडकीकडं वळलात. मी तुमच्या शेजारी बसायचे, म्हणून मला दिसलं. तेव्हा मला काही कळलं असं मी म्हणू शकत नाही. काहीच कळलं नाही असंही म्हणवत नाही.

तुमचा जन्म कुठं झाला, तुम्ही शाळेत किती वर्षं शिकवलंत, हे सगळं पाळकसाहेबांनी अंत्यविधीच्या वेळी सांगितलं. त्यातलं निम्मं मला माहीतच नव्हतं. मला जे माहीत आहे तेवढंच लिहिते. असं कधी लिहिलेलं नाही. चुकलं तर पुढच्या ओळीत सावरेन.

सगळी छावणी तुम्हाला रूथ आंटी म्हणायची. मी बाई म्हणायचे, कारण मी आले होते इंग्रजीच्या शिकवणीला. बजाजनगरहून दोन बस बदलून. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली, आणि वर्गात इंग्रजी बोलायची वेळ आली की मी मागच्या बाकावर जाऊन बसायचे. तुम्ही मला एक धडा मोठ्यानं वाचायला लावलात. दोन परिच्छेद झाल्यावर थांबवलंत. मला वाटलं, उच्चार चुकले. तुम्ही म्हणालात, "तुझा आवाज खाली छान बसतो. शनिवारी क्वायरला ये." मी म्हणाले, बाई, आम्ही बौद्ध आहोत. तुम्ही चष्म्यावरून बघत म्हणालात, "मी आल्टोचं विचारतेय."

पहिल्या शनिवारी हातात पाच रेघांवर सूर लिहिलेला कागद आला तेव्हा मला आमचं घर आठवलं. आमच्याकडं कुणाला न वाचता येणारा कागद आला की, बँकेचा असो की कंपनीचा, सगळे गप्प होतात आणि शेजारच्या कुणाला तरी बोलावतात. तो वाचतो, आम्ही माना हलवतो. तुमच्या क्वायरमध्येही तेच चाललं होतं. फक्त इथं बोलवायचं माणूस म्हणजे शालिनीमावशी. दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स, सोप्रानोत, म्हणजे बायकांच्या वरच्या आवाजात, पहिल्या रांगेत, आवाज असा की मागच्या खिडकीची काच थरथरायची. सगळे कागद धरून उभे राहायचे, पण मावशींनी सूर काढला की क्षणभरानं बाकीचे काढायचे. वाचणारं कुणीच नव्हतं. मावशीसुद्धा तुमच्याकडून ऐकून पाठ करून यायच्या.

तुम्ही हे उघडं कसं पाडलंत ते आठवतं. सगळ्यांच्या तोंडपाठ असलेलं एक गीत तुम्ही वाटलंत. शब्द तेच, पण चालीत तीन ठिकाणी तुम्ही सूर बदलून लिहिले होते. आम्ही कागदावर डोळे रोवून जुनीच चाल म्हटली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, अगदी मन लावून. संपल्यावर तुम्ही विचारलंत, "कागदात काय होतं?" कुणाला सांगता येईना. मावशी म्हणाल्या, "आंटी, छापणारानं चूक केली असंल." तुम्ही म्हणालात, "छापलं मी." डेव्हिडकाका इतके हसले की त्यांना बाकावर बसावं लागलं. मावशी पुढचा पूर्ण तास तुमच्याशी बोलल्या नाहीत.

त्यानंतर तुमचे नियम सुरू झाले. एक कागद एकदाच. म्हणून झाला की परत घ्यायचात, कुणी घरी नेऊन पाठ करू नये म्हणून. गायच्या आधी सगळ्यांनी तो नुसता बघायचा, एक शब्द न बोलता. सा कुठं आहे ते आधी शोधायचं, कारण रेघा विलायती असल्या तरी सा आपलाच, आणि हरवलो तर परत यायला तेवढं एकच घर. मग उड्या कुठं आहेत ते बघायचं, जालना रोडवरचे खड्डे आधी बघून ठेवतो तसं. मग टाळी देत नुसते शब्द, सुराशिवाय. मग गायचं, आणि चुकलं तरी थांबायचं नाही. लांब सूर आला तरी मनातल्या मात्रा थांबवायच्या नाहीत. आमचे सगळ्यांचे लांब सूर आखूड पडायचे, कारण सूर धरला की आम्ही मोजणं सोडून द्यायचो. तुमचं बोट मात्र खुर्चीच्या हातावर चालूच असायचं. टक, टक, टक. आणि शेवटचा नियम, ज्याच्यासाठी मी सगळ्यांत जास्त बोलणी खाल्ली: वर बघायचं नाही. माझ्याकडं बघून काही मिळणार नाही, म्हणायचात, जे आहे ते कागदावर आहे.

मी वर बघायचेच. सवय होती. आईकडून मी गाणी तिच्या तोंडाकडं बघून शिकले. आमच्या विहारात बायका गातात त्यात आईचा आवाज असतो, आणि तिला गाण्यातली एक रेघ वाचता येत नाही, पण सूर चुकलेला मी कधी ऐकला नाही. हे मी तुम्हाला सांगितलं तेव्हा माझा आवाज थोडा चढला होता. तुम्ही विचारलंत, "तिला शिकवणारी गेली तेव्हा ती गाणी कुठं गेली?" मी म्हणाले, आईकडं. तुम्ही म्हणालात, "आणि आईनंतर?"

पुढच्या शनिवारी मी आलेच नाही. इतकं साधं, इतकं थंडपणे विचारलेलं ते वाक्य मला बसमध्ये, वर्गात, आई भाकऱ्या थापत असताना तिच्याकडं बघताना ऐकू यायचं. त्यानंतरच्या शनिवारी मी परत आले तेव्हा तुम्ही माझी खुर्ची तुमच्या जवळ ओढून घेतलीत. तो वाद तिथंच राहिला. तुम्हाला कधी सांगितलं नाही, पण मी आईचं एक गाणं पाच रेघांवर लिहायला घेतलं होतं. ते एका जागी अडलं. तिथं आई जो सूर लावते तो ना रेघेवर बसतो ना दोन रेघांमधल्या जागेत, जरासा अलीकडं राहतो. तो कुठं लिहायचा हे तुम्हाला विचारायचं होतं. कदाचित तुम्ही म्हणाला असतात, लिहिता येतो. कदाचित पहिल्यांदाच म्हणाला असतात, नाही येत. मला दोन्ही चाललं असतं.

दसऱ्यानंतर चर्चच्या कमिटीत विषय निघाला. एक गीत बसवायला क्वायरला महिनोन्महिने लागतात, आंटींची तब्येत बरी नसते, त्यापेक्षा यंदा नाताळला रेकॉर्ड केलेली गाणी चांगल्या स्पीकरवर लावू. बोलणारे वाईट नव्हते. तुमच्याबद्दल त्यांच्या मनात आदरच होता. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात की नाताळच्या आधीच्या रविवारी कमिटीनं कुठलंही गीत निवडावं, क्वायरनं कधी न पाहिलेलं. हातात घेऊन, एकदा बघून, उभं राहून म्हणतील. नाही जमलं तर स्पीकर लावा.

शालिनीमावशींना हे कळलं तेव्हा त्या हॉलच्या पायरीवर बसूनच राहिल्या. "आंटी, आमची इज्जत घालवायला निघालात व्हय? तुम्ही पुढं उभ्या राहणार असाल तर जमंल. नाय तर नाय."

तुम्ही म्हणालात, "मी पुढं नसेन." मावशींनी त्याचा अर्थ असा घेतला की तुम्ही मागच्या बाकावर बसाल. आम्ही सगळ्यांनी तोच घेतला.

तेव्हापासून कागदांवर श्वासाच्या खुणा वाढल्या. ओळीवर तुम्ही पेन्सिलनं छोटा स्वल्पविराम काढायचात, इथं श्वास घ्या म्हणून. पूर्वी एका ओळीत एक असायचा. आता दोन, कुठं तीन. डेव्हिडकाकांनी चेष्टा केली की आंटी, आम्ही काय दमेकरी आहोत का. तुम्ही म्हणालात, बरं, तुमच्या कागदावर नाही काढणार. पुढच्या वेळी खरंच सगळ्यांचे कागद कोरे होते आणि खुणा फक्त तुमच्या कागदावर होत्या. मी शेजारी होते. दोन शब्दांना एक खूण होती. जिना चढून आलात की तुम्ही बराच वेळ खिडकीत उभ्या राहायचात, लष्कराच्या बाजूनं बिगूल ऐकू यायचा, आणि तो संपेपर्यंत कुणाशी बोलायचा नाहीत. मी एकदा विचारलं, बरं वाटत नाही का. "धूळ आहे," म्हणालात. शहरभर रस्ते खोदलेलेच होते. खरं वाटण्याजोगं होतं.

तो शनिवार. लाइट गेली होती. खिडक्या सताड उघडून आम्ही खुर्च्या त्यांच्याजवळ ओढल्या. अंधार पडून कागद दिसेनासा व्हायच्या आत म्हणून घ्यायचं होतं. पंखा बंद, त्यामुळं प्रत्येकाचा श्वास ऐकू येत होता. तुम्ही म्हणालात की आज कमिटीसमोर उभे आहात असं समजा. कागद वाटले. एक पान, पाच ओळी. आम्ही बघितलं. मावशींचे ओठ हलत होते, त्या सा शोधत होत्या. पूर्वी त्या तुमच्याकडं बघायच्या. आता बघितलं नाही.

तुम्ही सूर दिलात. आम्ही उभे राहिलो आणि सुरू केलं. पहिली ओळ तुम्ही आमच्याबरोबर होतात. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर आवाज काढून घेतलात. कुणी डगमगलं नाही. चारही आवाज आपापल्या वाटेनं चालत राहिले, आणि मी वर बघितलं.

तुम्ही माझ्याकडंच बघत होतात. तोंड उघडं होतं आणि आत काही जात नव्हतं. मी गायचं सोडून खाली बसले, ओरडणार होते. तुम्ही मान हलवलीत. जोरात, दोनदा. माझं मनगट धरलंत आणि जेमतेम ऐकू येईल असं म्हणालात, "होऊ दे पूर्ण." मग तुमचं बोट माझ्या मनगटावर चालायला लागलं. टक, टक, टक. बाकीच्यांच्या बरोबर, एक मात्रा न चुकता.

कुणी वर बघितलं नाही. तुम्ही शिकवलं तसंच. डेव्हिडकाका नंतर म्हणाले की आल्टो एकदम पातळ झाला, मला वाटलं प्रज्ञा चुकली, म्हणून मी अजून घट्ट कागद धरला.

तिसऱ्या ओळीच्या शेवटी एक लांब सूर आहे. तिथं तुमचं बोट थांबलं.

मला क्षणभर वाटलं, लांब सूर आहे म्हणून थांबलं. पण लांब सुरात तुमचं बोट कधीच थांबायचं नाही. आम्ही मोजणं सोडायचो, तुम्ही नाही. मी तुमच्या हाताकडं बघत त्या सुराच्या उरलेल्या मात्रा मोजल्या. मग चौथी ओळ सुरू झाली. मग पाचवी. मावशींचा आवाज खिडकीतून बाहेर गेला. ते संपलं. पहिल्यांदाच आम्ही, म्हणजे त्यांनी, न ऐकलेलं गीत पहिल्या नजरेत पूर्ण म्हटलं होतं. मावशी वळल्या, चेहरा फुललेला, आणि म्हणाल्या, "आंटी, बघा." मग त्यांनीच आधी ओळखलं. नर्स होत्या. त्यांनी कागद खाली टाकला आणि तुमची मान सरळ केली.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले की मी ओरडले असते तरी त्या अर्ध्या मिनिटानं फरक पडला नसता. मी त्यांच्यावर विश्वास ठेवायचा प्रयत्न करते. काही दिवस जमतं.

अंत्यविधीत पाळकसाहेब म्हणाले, किती भाग्य, आपल्या क्वायरचं गाणं शेवटच्या सुरापर्यंत ऐकत त्या गेल्या. लोकांनी डोळे पुसले. क्वायरमधलं प्रत्येक जण मला येऊन हेच विचारत होतं, तू जवळ होतीस, ऐकलं ना आंटींनी शेवटपर्यंत? मी खाली बघायचे. त्याचा अर्थ सगळ्यांनी हो असा घेतला. आई म्हणाली, नको बोलू, लोकांना तेवढाच आधार असतो. मलाही तेच बरोबर वाटलं. मग घरी एकटी असताना मनगटावर दुसऱ्या हाताचं बोट ठेवून बसायचे आणि भीती वाटायची. कशाची ते नेमकं सांगता येत नाही. एवढं कळायचं की हे फक्त माझ्याकडं आहे, आणि मी नसेन तर ते कुठंच नसेल. तुमचाच प्रश्न होता तो, बाई. मी आता त्याच्या आत बसले होते.

कमिटीनं निरोप पाठवला की अशा दुःखात क्वायरवर ओझं नको, यंदा परीक्षाबिरीक्षा राहू दे, स्पीकरची व्यवस्था करू. खूप सौम्य शब्दांत. काल शनिवार होता. आम्ही हॉलमध्ये जमलो, पण कागद वाटायला कुणी नव्हतं. त्या दिवशीचे कागद टेबलावर तसेच पडून होते. परत घेणारं कुणी नव्हतं म्हणून. मावशी म्हणाल्या, कमिटीचं ऐकू. कुणी विरोध केला नाही. मग त्या माझ्याकडं न बघता बोलत राहिल्या.

"त्या दिवशी झालं ते आंटी होत्या म्हणून झालं. त्यांचा आवाज नव्हता, पण त्या होत्या ना. पाठीमागं कुणीतरी ऐकायलंय, एवढ्यावर म्हणलं आपण. आता कुणाच्या जिवावर म्हणायचं?" आणि मग वळून, "खरं की नाय, प्रज्ञा? ऐकत होत्या ना शेवटपर्यंत?"

मला हो म्हणता आलं असतं. हॉलमध्ये इतकी शांतता होती की माझ्या होकाराला फार आवाजही लागला नसता. मी विचार केला की हो म्हटलं तर सगळे घरी जातील, नाताळला स्पीकर वाजेल, आणि कुणालाच काही दुखणार नाही. नाही म्हटलं तर मी मावशींकडून शेवटची गोष्ट काढून घेईन.

"नाही, मावशी," मी म्हणाले. "तिसऱ्या ओळीच्या लांब सुरावर त्यांचं बोट थांबलं. पुढच्या दोन ओळी त्या नव्हत्या."

मावशींनी पदर तोंडाला लावला. कुणीतरी मागं रडायला लागलं. खिडकीबाहेर अंधारत होतं. मला वाटलं, संपवलं मी सगळं.

डेव्हिडकाका उठले आणि टेबलावरचा एक कागद घेऊन खिडकीजवळ गेले. तिसरी ओळ शोधायला त्यांना वेळ लागला नाही. शेवटच्या सुरावर त्यांनी आपलं जाड, तारेचे ओरखडे असलेलं बोट ठेवलं आणि तिथून खाली, चौथ्या ओळीकडं, पाचव्या ओळीकडं बघत राहिले. मग तो कागद मावशींसमोर धरला.

"म्हंजे इथून पुढं आपणच म्हणलो," ते म्हणाले.

मावशींनी चौथी ओळ वाचली, पाचवी वाचली. पदर अजून तोंडाशीच होता. मग त्यांनी तो खाली घेतला.

"व्हय," म्हणाल्या. आणि मग मला, "पाळकसाहेबांना फोन लाव."

मी विचारलं, काय सांगू?

"सांग, स्पीकर नको. आम्ही न पाहिलेलं गीत निवडून ठेवा म्हणावं."

बाई, मी फोन लावला.